माणिकरावांची बीडमधली बढती

धानोरा रोड, बीड
बुधवार

तीर्थस्वरूप आक्कांना,

बीडहून धाकट्या भावजयीचा, म्हणजे मुक्ताचा, वाकून नमस्कार. वाकताना गुडघा कटकन वाजला, तो आवाज सिरसाळ्यापर्यंत पोचला असं समजा. तुमच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला हवं हे मला ठाऊक आहे. अंगणवाडीत सगळा जन्म गेला माझा, कुणाला कसला मायना लिहायचा हे मला शिकवायला नको. तरी या खेपेला ती अक्षरं गाळलीत. का गाळलीत ते पुढं कळेल, तोवर चिडून पत्र बाजूला ठेवू नका. कंबर कशी आहे? म्हैस माझ्यामागं नीट धार देते का, की तुम्हालाही लाथा दाखवते? धाकट्या भाऊजींच्या पवनला परीक्षेत काय पडले हे तो सांगणार नाही, म्हणून विचारत नाही. इकडं आदिनाथ, सूनबाई आणि मी खुशाल आहोत. सोबत तिळगूळ पाठवलाय. तो आधी तोंडात टाका आणि मगच पुढचं वाचा.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता, आणि तुमच्याबरोबर शेजारच्या बायका 'हं, हं' करतात. ही गोष्ट गल्लीनं ऐकायची नाही. म्हणून गावाकडून कोर्टाच्या तारखेला आलेल्या मुंजाजीच्या हाती पत्र देतेय. चष्मा लावून स्वतः वाचा आणि हातात पडल्याबरोबर वाचा, कारण आपल्या त्रिंबकरावांची लेक सुरेखा रविवारी गावाकडे येतेय. तिनं काल मला इथं अशा अवस्थेत पाहिलंय, की एसटीतून उतरल्यावर ती स्वतःच्या घरी न जाता आधी तुमच्याकडे येणार. तिच्या तोंडून ऐकलंत तर तुम्ही मला उंबरा चढू देणार नाही. माझ्या तोंडून ऐकलंत तर निदान आधी विचार कराल. तुम्ही उमापूरहून कपाळ पुसून माहेरी आलात तेव्हापासून आपण दोघी एका छपराखाली आहोत, एवढा हक्क मला आहे. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. आक्का, तुमचा भाऊ बीडमध्ये जिवंत आहे.

घाबरून पाणी-बिणी पिऊ नका. तीन वर्षांमागं जे झालं ते झालंच, तुम्हीआम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण बीडच्या काही गल्ल्यांना ते अजून माहीत नाही, आणि ते माहीत होऊ न देण्याचं काम मीच केलंय. त्याचं असं झालं.

इथल्या डॉक्टरांनी माझी शुगर पाहिली आणि रोज चालायचं सांगितलं. झालं. सूनबाईनं दुसऱ्या दिवशी पांढरे बूट आणले (नऊवारीखाली पांढरे बूट, तुम्ही पाहिलं असतं तर हसून कंबर आणखी दुखली असती), आणि मला कॉलनीतल्या बागेत सोडलं. तिथं सगळी माणसं एकाच रिंगणात घाण्याच्या बैलासारखी फिरतात, आणि कुणी कुणाशी बोलत नाही, कानात वायरी घालून चालतात. मी दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं, की चालायचंच आहे तर त्याच त्या चार झाडांभोवती कशाला? एवढं मोठं गाव पडलंय. आपण बीडला आलो ते कायम दवाखान्याला नाहीतर लग्नाला. स्टँडवर उतरायचं, रिक्षात बसायचं, काम झालं की परत स्टँड. जिल्ह्याचं गाव असून आपण त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलेलं नाही. तर गळ्याला माणिकरावांचा मफलर गुंडाळला, पदर खोचला आणि बागेच्या मागच्या फाटकातून सटकले.

जुन्या बीडमध्ये एकदा शिरलं की बाहेर निघणं अवघड. वेशीच वेशी आहेत. माळीवेस म्हणू नका, राजुरी वेस म्हणू नका. भिंत कधीच गेली, दारं तेवढी राहिलीत, आणि त्या दारांतून आता मोटारसायकली जातात. रस्ता विचारायची तर सोयच नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "मावशी, कारंजावर जा, तिथं कुणालाबी इचारा." कारंजावर गेलं की तिथले म्हणतात, "माळीवेशीत जा, तिथं कुणालाबी इचारा." अशी मी सगळ्यांनी मिळून टोलवलेली बाई. पण खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. एका गल्लीत सगळे सोनार, पुढच्या गल्लीत सगळीकडे बांगड्या, त्याच्या पुढं एक माणूस नुसत्या कुलपांच्या चाव्या घासत बसलेला. धोंडीपुऱ्यात पोचेपर्यंत ऊन कललं होतं आणि बूट लागून पायाला फोड आला होता. एका घराच्या पायरीला टेकून मी बूट सैल करत होते, तेवढ्यात वरून एक बाई धावत आली आणि माझ्या दंडाला धरून मला उचललंच.

ती रतनबाई. अंगानं आपल्या म्हशीच्या तोलाची, पण मनानं फार भली. तिच्याकडे संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं आणि तिच्या सासूची शिस्त अशी, की पाच सवाष्णी एका ओळीत बसल्याशिवाय कुंकवाचा करंडा उघडायचा नाही. चौघी येऊन कधीच्या बसल्या होत्या, पाचवी बाई माजलगावच्या एसटीत अडकली होती आणि दिवस बुडत चालला होता. रतनबाईला माझ्या कपाळावरची टिकली दिसली. (ही टिकली सूनबाईनं मी आल्या आल्या लावली, "आई, आता सगळ्याच लावतात" म्हणून. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता रागवायचंच आहे तर सगळं एकदमच रागवा.) गळा मफलरात. मंगळसूत्र आहे की नाही हे पाहायला मफलर सोडावा लागला असता, आणि बीडला तेव्हा हुडहुडी भरत होती. "अहो मी बसायची नाही, मी..." एवढं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "कावून न्हाई बसायचं? घरचेच समजा. आमी काय परके हाव का?" आणि मी 'कावून' ते सांगायच्या आत माझ्या कपाळाला कुंकू लागलं.

आक्का, देवाशपथ, मी तोंड उघडलं होतं. पण त्या चौघी इतक्या आनंदानं माझ्याकडे पाहत होत्या, की आता खरं सांगितलं तर करंडा परत झाकायचा, हिची म्हातारी सासू छाती पिटणार, आणि मी बूट हातात घेऊन बाहेर. मी तोंड मिटलं. मिटलं की लगेच एकीनं फर्मावलं, "मावशी, नाव घ्या!" आता आली का पंचाईत? उखाणा मी शेवटचा कधी घेतला होता ते आठवेना. पण जीभ बघा कशी असते, मला न विचारता ती बोलून मोकळी झाली :

बिंदुसरेच्या पुलावर वारा सुटला गार,
माणिकरावांच्या एसटीतून पाहिले जिल्हे चार.

सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. मालक कंडक्टर का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग विचारलं, आता काय करतात? आणि मी म्हटलं, काय करणार, गुडघा धरून बसलेत घरी. एवढं सोपं होतं ते. तुम्हाला खरं सांगते आक्का, तीन वर्षांत मी त्यांचं नाव असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. आदिनाथपुढं त्यांचा विषय काढला की तो पंखा लावतो नाहीतर बातम्या लावतो. आणि आपण दोघी तर एकमेकींना रडू येईल म्हणून गप्प. इथं परक्या बायका त्यांच्याबद्दल विचारत होत्या, आणि त्या हसत होत्या. मला फार बरं वाटलं. रतनबाईनं वाण म्हणून चहाची गाळणी दिली, आणि निघताना मालकांच्या गुडघ्यासाठी निरगुडीच्या तेलाची बाटली दिली. ते तेल मीच लावते, गुण येतो.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण वाघाला रक्ताची चटक लागते म्हणतात, मला गाळणीची लागली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सगळ्या बीडची दारं उघडी असतात हे माझ्या ध्यानात आलं. दारात रांगोळी आणि आत बायकांच्या चपलांचा ढीग दिसला की तिथं थोडं रेंगाळायचं, बूट सैल करायचे. चौथ्या मिनिटाला कुणीतरी हाक मारतंच. अशी मी नदी ओलांडून पेठ बीडला गेले, खंडेश्वरीच्या बाजूला गेले, बार्शी नाक्याकडे गेले, नगर रोडच्या मोठमोठ्या बंगल्यांत गेले. प्रत्येक घराची चाल वेगळी. जुन्या गावात वाण हातात कोंबतात आणि वर वाटीभर हरभरे ओटीत टाकतात. बंगल्यांत आधी फोटो काढतात, मग वाण देतात, मग ते वाण धरून परत फोटो काढतात. (त्यातल्या कुठल्यातरी फोटोत मी मागं उभी असेन. सुरेखाच्या फोनवर तो येऊ नये म्हणून प्रार्थना करते.)

आणि घर जसजसं मोठं होत गेलं तसतशी माणिकरावांची बढती होत गेली, त्याला माझा इलाज नव्हता. जिथं पायरीवर पायपुसणं नव्हतं तिथं ते कंडक्टर राहिले. जिथं पायपुसणं होतं तिथं ते वाहतूक निरीक्षक झाले. आणि नगर रोडला एका बाईंच्या दारात कुत्रा होता, झोपाळा होता आणि आत संगमरवरी फरशी होती, तिथं मी त्यांना डेपो मॅनेजर केलं. बिचारे हयातभर त्या खाकी सदऱ्यात राहिले, साहेबापुढं कधी मान वर केली नाही. म्हटलं, आता तरी खुर्चीवर बसू द्या. सवयी मात्र मी खऱ्याच सांगितल्या. भाकरीचा पापुद्रा स्वतः घेतात आणि बुडखा मला ठेवतात, झोपेत "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात, स्वेटर घालत नाहीत. डेपो मॅनेजरसुद्धा झोपेत तसंच म्हणतो का, असं कुणी विचारलं नाही. तीन ठिकाणी बायकांनी मालकांसाठी म्हणून वेगळा तिळगूळ बांधून दिला. तो घरी नेऊन कुणाला द्यायचा? वाटेतच खाल्ला. परवा शुगर वाढलेली निघाली, आणि डॉक्टर म्हणतात तुम्ही चालत नाही वाटतं.

सगळ्यांनाच फसवलं असं नाही. मोमीनपुऱ्यात वाट चुकले तेव्हा एका दारात रजियाबी नावाच्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या. तिथं हळदी-कुंकू नव्हतं त्यामुळे खोटं बोलायची गरजही नव्हती. त्यांना मी सगळं खरं सांगून टाकलं, गाळण्यांसकट. त्या पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं लई सोपं हाय बाई. नवरा असू दे, नसू दे, चहा मिळतो." चहा लई गोड होता. तिथंही शुगर.

आता घरातली भानगड. जमवलेलं वाण ठेवायचं कुठं? कूलर थंडीत गॅलरीत झाकून ठेवलेला असतो, त्याच्या पोटात मी ते रचत गेले. परवा सूनबाईनं जाळी पुसायला म्हणून कूलर उघडला, तर आतून गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे, कुंकवाचे करंडे, शाम्पूच्या पुड्या भडाभडा बाहेर. आदिनाथ आल्यावर दोघं स्वयंपाकघरात कुजबुजली. मी दाराशी कान लावला (त्या घरात मी वयानं मोठी आहे, ऐकायचा मला हक्क आहे), तेव्हा कळलं की त्यांच्या मते मी बीडला आल्यापासून दुकानांतून हात मारतेय. आदिनाथ म्हणत होता की उतारवयात असा आजार होतो, त्याचा वेगळा डॉक्टर असतो. मी आयुष्यात अंगणवाडीच्या खिचडीतला तांदूळ घरी आणला नाही, आणि माझा मुलगा मला गाळणीचोर समजतो! पण सांगणार काय? चोर नाही म्हणावं तर खोटारडी ठरते.

अशात काल सूनबाईचं स्वतःचं हळदी-कुंकू होतं. सकाळी आदिनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तू संध्याकाळी कंकालेश्वराला जाऊन ये ना, तिथं शांत असतं." मी समजले. त्याचं चुकलं असंही नाही, आपल्याकडे आपण दोघी त्या दिवशी मागच्या खोलीत बसतोच की, तुम्ही वाती वळता, मी हरभरे निवडते. पण का कोण जाणे, काल माझ्या पायांत बूट चढेनात. फोड दुखतोय म्हणाले आणि स्वयंपाकघरात बसले. एवढ्या परक्या घरांत माझ्या कपाळाला कुंकू लागलं आणि पोटच्या पोराच्या घरात मी ओट्याआड, याचं मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बायका जमल्या. सुरेखा आली, तिचा आवाज मी बाहेरून ओळखला. आणि मग दुसरा एक आवाज आला, तोही ओळखला, आणि माझ्या हातातली साखरेची बरणी सुटता सुटता राहिली. सूनबाईचे ब्लाऊज ज्या बाईकडे शिवायला जातात ती बाई म्हणजे रतनबाई, हे मला कुठलं माहीत! ती हक्कानं सरळ आत पाणी प्यायला आली, मला पाहिलं, आणि माझ्या दंडाला धरून मला बैठकीत ओढतच घेऊन गेली. सगळ्यांदेखत ओरडली, "अगं बया, मावशी! हितं व्हय तुमी! आन् मालकांचा गुडघा कसा हाय? तेल लावता का न्हाई?"

आक्का, बैठकीत टीव्हीच्या वर तुमच्या भावाचा फोटो आहे. चंदनाचा हार घातलेला. रतनबाईच्या बरोबर समोर. सुरेखाचं तोंड उघडं पडलं. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं, पण आदिनाथचं घर तिसऱ्या मजल्यावर, धरणी दुभंगून उपयोग नाही. सूनबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रतनबाईकडे, आणि तिच्या डोळ्यांत मला तो कूलर उघडलेला दिसला. मग ती (नाव सत्यशीला, हे ध्यानात घ्या) अगदी सरळ आवाजात म्हणाली, "आता बराय गुडघा. मामंजी जरा पाय मोकळे करायला गेलेत." रतनबाईनं फोटोकडे बोट केलं. "हे कोण मग?" सूनबाई म्हणाली, "चुलत सासरे. तोंडावळा अगदी सारखा आहे ना?" सुरेखानं श्वास घेतला, आता ती बोलणार, तेवढ्यात सूनबाईनं तिच्या तोंडात अख्खा लाडू घातला आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." लाडू टणक होता. (सूनबाईचा पाक नेहमीच पक्का होतो. आजवर मी त्यावरून तिला बोलत आले, इथून पुढं बोलणार नाही.)

मग तिनं करंडा उचलला आणि सगळ्यांच्या आधी मला कुंकू लावलं. नाव घ्या, म्हणाली. मी घेतलं :

हलव्याला काटा, तिळाला गोडी,
माणिकराव गेले पुढं, मी राहिले मागं थोडी.

बायका हसल्या, म्हणाल्या, मालक लवकर चालतात वाटतं. सूनबाई हसली नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि वाणाचं ताट आणायला आत गेली. सगळ्या गेल्यावर मी सूनबाईला पहिल्या गाळणीपासून सगळं सांगून टाकलं, मग आदिनाथ आला. सूनबाईनं त्याला काय सांगितलं ते या वेळी मी कान लावून ऐकलं नाही. पण तो माझ्याजवळ येऊन बसला, पंखा लावला नाही, आणि म्हणाला, "आई, बाबा खरंच झोपेत 'पुढं सरका' म्हणायचे का गं?" मग आम्ही जेवण होईपर्यंत त्यांच्याबद्दलच बोलत होतो.

तर असं झालं. सुरेखा सांगेल ते यात तिखटमीठ लावून सांगेल. मी चुकले, हे मला कळतंय. रीत ती रीत. तुम्ही थोरल्या, तुमच्या शब्दाबाहेर हे घर नाही. तुम्ही म्हणाल तर इथून पुढं त्या बागेतच फिरेन, आणि कुणाच्या दारात बूट सैल करणार नाही. रागवा, पण माझ्याशी बोलणं टाकू नका. गावात तुमच्याशिवाय माझं दुसरं कोण आहे?

तुमची आज्ञाधारक,
मुक्ता

ता. क. : मुंजाजीला जेवू घालून मगच परत धाडा. त्याच्याजवळच्या पिशवीत दहा-बारा गाळण्या आहेत, गल्लीत वाटून टाका. सुरेखाला मात्र देऊ नका.

ता. क. दोन : वर बागेत फिरेन लिहिलं ते तुमचा मान ठेवायला लिहिलं. आज दुपारी सूनबाई आणि मी दोघी शिवाजीनगरला जाऊन आलो. तिला रस्ते अजिबात माहीत नाहीत.

ता. क. तीन : आता खरं कामाचं. रथसप्तमीला अजून दिवस आहेत. तुमच्यासाठी सूनबाईनं पांढरे बूट आणून ठेवलेत, माप माझ्या अंदाजानं. शनिवारच्या सकाळच्या एसटीनं या, म्हणजे सुरेखा रविवारी तिथं पोचेल तेव्हा घराला कुलूप असेल. म्हैस पवनच्या गळ्यात बांधा. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून तुमच्या मालकांचं, अर्जुनरावांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही, ते कसे हसायचे तेही मला माहीत नाही. इथं तुम्हाला कुणी ओळखत नाही आक्का, तुमचं 'गं. भा.' इथं कुणाला ठाऊक नाही, इथं सगळ्या विचारतील. फक्त उखाणा जरा तोलामोलाचा बसवून आणा, कारण नगर रोडला मी अर्जुनरावांना आधीच तहसीलदार करून ठेवलंय.